पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घरच्या घरी सायकलिंगसाठी कोणता ट्रेनर घ्यावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, मागे सात गिअर असलेली हायब्रिड सायकल आहे, पण पाऊस आणि ऑफिसच्या वेळा यांमुळे ती बाहेर निघत नाही. वजन कमी करायचंय, दमही वाढवायचाय, म्हणून घरीच ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, लावायचा विचार आहे. दुकानात मॅग्नेटिक, फ्लुइड, स्मार्ट, डायरेक्ट ड्राइव्ह असं सगळं एका दमात ऐकवलं गेलं आणि शेवटी ‘त्यापेक्षा स्पिन बाईकच (जिममधली जागेवरची सायकल) घ्या’ असंही कोणीतरी म्हणालं.

मी सिंहगड रोडला राहतो. आठवड्यात पहाटे घरी ट्रेनर आणि रविवारी बाहेर घाट, असं माझं बरीच वर्षं चाललंय. ओळखीतल्या पुष्कळ जणांना ट्रेनर निवडायला मदतही केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, कंपनी आणि मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी सायकलचं मागचं चाक तपासा, मग घराची जमीन. एवढ्यानेच निम्मे पर्याय गळून पडतात.

मागच्या चाकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात ते क्वचितच कोणी विचारतं आणि तुमच्या सायकलला ते नेमकं लागू पडतं. ट्रेनर ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात मागचं चाक सायकललाच राहतं. स्टँड ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, दोन टोकांना पकडतो आणि टायर एका रोलरवर दाबून फिरतो. दुसऱ्यात, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्हमध्ये, मागचं चाक काढून बाजूला ठेवायचं आणि चेन थेट ट्रेनरवर बसवलेल्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या चक्रांवर चढवायची. आता आपल्याकडच्या सहा-सात गिअरच्या बऱ्याच सायकलींना मागे कॅसेट नसतेच, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. ते काढून ट्रेनरवर बसवता येत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते घरीच कळेल. चाक काढा, गिअरची चक्रं हाताने उलटी फिरवा आणि मध्यभागी हत्यार घालायची जी खाच असते तिच्याकडे बघा. खाच चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघालं तरी डायरेक्ट ड्राइव्ह बाद होत नाही. सात गिअरची वेगळी कॅसेट मिळते, ती ट्रेनरच्या ८ ते ११ गिअरच्या बॉडीवर, म्हणजे कॅसेट बसते त्या नळीवर, योग्य जाडीचे स्पेसर (कड्या) घालून बसते. काम मेकॅनिकचं आहे, पण अवघड नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, थोडा जुळवून घ्यावा लागतो, कारण ट्रेनरवरची चक्रं अगदी त्याच रेषेत येत नाहीत.

अलीकडे काही ट्रेनर कॅसेटऐवजी एकच चक्र घेऊन येतात, झ्विफ्ट कॉग नावाचं (झ्विफ्ट हे घरातल्या सायकलिंगचं ॲप). त्यात गिअर खरे बदलत नाहीत, ट्रेनरच ताण कमी-जास्त करून गिअर बदलल्याचा भास देतो. कंपनी हे ८ ते १२ गिअरच्या सायकलींसाठी सांगते. सात गिअरची चेन रुंदीला आठच्या चेनसारखीच असते, तरीही घेण्याआधी विक्रेत्याकडून खात्री करून घ्या.

आता ॲक्सल. क्विक रिलीज, म्हणजे खटका उघडून चाक निघतं तो बारीक दांडा, असेल तर प्रश्न नाही. थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर १२ मिलिमीटर जाडी आणि १४२ की १४८ मिलिमीटर रुंदी हे बघून ॲडॉप्टर लागतो. पण दोन्ही बाजूंना नट असलेला ॲक्सल असेल (स्वस्त हायब्रिडना असतोच) तर चाक दाबून फिरवणाऱ्या ट्रेनरच्या पकडीत ते नट नीट बसतीलच असं नाही. सायकल सोबत घेऊन दुकानात जा आणि बसवून दाखवायला सांगा. आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. प्लॅस्टिकची चपटी पट्टी मिळते, ती मध्ये घालून ठेवा.

जमिनीचं सांगायचं तर फ्लॅटमध्ये दोन वेगळे त्रास असतात आणि लोक एकाचाच विचार करतात. हवेतून येणारा आवाज तुमच्या घरच्यांना ऐकू येतो. स्लॅबमधून खाली जाणारा कंप खालच्या घराला जाणवतो. टायर रोलरवर फिरतो तेव्हा मिक्सर चालू असल्यासारखा आवाज होतो, आणि टायर गोट्यांचा, जाड नक्षीचा असेल तर फारच. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तो आवाज जातो, चेनची सळसळ तेवढी उरते. पण कंप मात्र दोन्हींत असतो, कारण तो तुमच्या पायांच्या ठोक्यातून येतो. त्यासाठी जिममध्ये वापरतात तसली जाड रबरी मॅट खाली हवीच, योगासनांची पातळ मॅट उपयोगाची नाही. ट्रेनर खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीम किंवा कॉलमजवळ ठेवा. स्लॅब मध्यभागी जास्त हलतो.

ट्रेनर आणल्यावर एक काम मी प्रत्येकाला करायला सांगतो. खालच्या घरी जा, त्यांना मोकळेपणाने सांगा, आणि तुम्ही तिथे बसलेले असताना घरच्या कोणाला तरी वर पाच मिनिटं जोरात पॅडल मारायला लावा. त्यांना काय ऐकू येतं ते तुम्हालाच कळेल. पहाटे साडेपाचला व्यायाम करायचा तर खालच्या म्हाताऱ्या माणसांची झोप ही आपली जबाबदारी आहे, असं मला मनापासून वाटतं. सोसायटीत अशी एक तक्रार आली की ट्रेनर कायमचा माळ्यावर जातो.

चाक आणि जमीन बघून झालं की प्रकारांकडे या. रोलर, म्हणजे तीन फिरत्या दंडांवर सायकल मोकळी चालवायची, ते तोल शिकण्यासाठी उत्तम आहेत, पण दम वाढवायला सुरुवात करणाऱ्याने घेऊ नयेत. मॅग्नेटिक सगळ्यात स्वस्त. हँडलला लावलेल्या खटक्याने ताण बदलतो. फ्लुइडमध्ये द्रवाचा रोध असतो, जेवढं जोरात मारू तेवढा ताण आपोआप वाढतो, त्यामुळे पायाला रस्त्याच्या जवळचा अनुभव येतो. दोन्हींना वीज लागत नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, तेव्हा हा फायदा कळतो. स्मार्ट ट्रेनरला वीज लागते, आणि ती गेली की बहुतेकांचा ताण कोसळतो. टॅक्सचा निओ २टी विजेशिवायही चालतो, पण तो महागड्या गटातला आहे. घरी इन्व्हर्टर असेल तर ट्रेनरचा ॲडॉप्टर त्यावर सहज चालतो.

स्मार्ट म्हणजे काय? ट्रेनर तुमची ताकद वॅटमध्ये मोजतो आणि फोनवरच्या किंवा लॅपटॉपवरच्या ॲपच्या सांगण्यावरून ताण स्वतः बदलतो. यातला अर्ग मोड मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ॲपने १४० वॅट सांगितले की तुम्ही पाय हळू फिरवा की भरभर, ट्रेनर १४० वॅटच ठेवतो. दिवसभर काम करून दमलेल्या माणसाला किती जोर लावायचा याचा विचारच करावा लागत नाही. फक्त पाय फारच मंदावले तर प्रत्येक फेरीला ताण वाढत जातो आणि पॅडल अडकल्यासारखं होतं. अशा वेळी क्षणभर थांबून पुन्हा वेग घ्यायचा. वजन आणि दम या दोन्हींसाठी वॅटचा आकडा हा हृदयाच्या ठोक्यांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे, कारण ठोके उन्हाने, चहाने, अपुऱ्या झोपेनेही वाढतात.

जाहिरातीतल्या ‘कमाल चढ’ आणि ‘कमाल वॅट’ या आकड्यांना मात्र फार महत्त्व देऊ नका. डेकॅथलॉनचा व्हॅन रिसेल डी१०० हा ६०० वॅट आणि ६ टक्के चढापर्यंत जातो. वाहूच्या किकर कोअरची पहिली आवृत्ती १,८०० वॅट आणि १६ टक्क्यांपर्यंत. निओ २टी २५ टक्के चढाची नक्कल करतो. आकड्यांत फरक प्रचंड दिसतो. पण नियमित सायकल चालवणारा हौशी माणूस तासभर साधारण १५० ते २५० वॅटच टिकवतो. जोरदार स्प्रिंट मारायची नसेल तर ६०० वॅटची मर्यादा तुम्हाला लवकर जाणवणार नाही. सिंहगडाचा किंवा बोपदेवचा घाट चढायला लागणारी तयारी ६ टक्क्यांच्या ट्रेनरवरही होते, कारण शरीराला मेहनत वॅटमध्ये कळते. वॅट मोजण्यातली अचूकता जास्त बघा. ±२ टक्क्यांच्या आसपास असेल तर घरच्या व्यायामाला पुरेशी. चाक दाबून फिरवणाऱ्या स्मार्ट ट्रेनरमध्ये टायरची हवा आणि रोलरचा दाब रोज तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर आजचे वॅट आणि परवाचे वॅट यांची तुलनाच होत नाही.

ॲपसाठी झ्विफ्टला दरमहा पैसे भरावे लागतात. मायवूश फुकट आहे आणि चांगलं आहे, सुरुवात तिथेच करा. खरेदीच्या वेळी ट्रेनर ब्लूटूथवर चालतो ना, एवढं विचारा. नुसता अँट प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) असेल तर बहुतेक फोन आणि लॅपटॉपला वेगळा डोंगल लागतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित वस्तू: पंखा. पॅडल मारताना शरीर खर्च करतं त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा पॅडलपर्यंत पोचते, उरलेली उष्णता होते. म्हणजे १५० वॅट मारताना अंगातून ४५० ते ६०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो. बंद खोलीत ती तुमच्याच अंगाभोवती राहते. एप्रिल-मेमध्ये तर त्रास होतोच, पण जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि वीस मिनिटांत डोकं जड होतं. छताचा पंखा पुरत नाही. समोरून छातीवर वारा येईल असा मोठा स्टँडचा पंखा हवा. ट्रेनरवर चार हजार कमी खर्च झाले तरी चालतील, पंख्यावर काटकसर करू नका. हँडलवर जुना टॉवेल टाका आणि व्यायाम झाला की सायकल कोरड्या फडक्याने पुसा. खारा घाम हँडलखालच्या बोल्टवर आणि बेअरिंगवर साचला की गंज धरतो, आणि पावसाळ्यात तो फार लवकर धरतो.

स्पिन बाईक कोणी घ्यावी? घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर जरूर. सीट वर-खाली केली की काम झालं, तर ट्रेनरवरची सायकल एकाच माणसाच्या मापाची असते. पण बहुतेक स्पिन बाईकमध्ये पाय थांबवले तरी जड चक्र फिरतच राहतं आणि पॅडलही त्याबरोबर फिरतात. घरात लहान मूल असेल तर त्याची बोटं तिथे जाणार नाहीत याची पूर्ण काळजी घ्या. (ट्रेनरच्या चेनलाही हे लागू आहे, खोलीचं दार लावूनच बसा.) रस्त्यावर पुन्हा सायकल चालवायची इच्छा असेल तर मी ट्रेनरच सुचवेन. कारण बसायची तीच पद्धत, तेच हँडल, तीच सीट शरीराच्या सवयीत राहते.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. बजेट थोडं ताणता येत असेल तर सुरुवातीच्या पातळीचा डायरेक्ट ड्राइव्ह आणि सात गिअरची वेगळी कॅसेट घ्या. तिसऱ्या मजल्यावर आवाज हाच पुढे सगळ्यात मोठा अडथळा ठरतो, आणि तो यात निम्म्याहून जास्त सुटतो. बजेट नसेल तर फ्लुइड घ्या, मागे गुळगुळीत टायर टाका, आणि वेग मोजणारा सेन्सर लावा. ट्रेनरचं मॉडेल झ्विफ्टच्या यादीत असेल तर ते ॲप त्या वेगावरून वॅटचा अंदाज काढतं. मॅग्नेटिक तेव्हाच घ्या जेव्हा नेमाने बसणं जमेल की नाही हेच आधी पाहायचं असेल.

परदेशातून कोणाकडून मागवायच्या भानगडीत पडू नका. हे यंत्र पंधरा-वीस किलोचं असतं, दुरुस्तीला परत पाठवायचा खर्च अंगावर येतो, शिवाय वॉरंटी बहुतेकदा जिथे घेतलं त्याच देशात चालते. त्यापेक्षा पुण्यातच जुना बघा. लॉकडाउनच्या काळात पुष्कळांनी ट्रेनर घेतले, आणि त्यातले काही आता सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विकायला येतात. बघायला जाताना आपली सायकल आणि फोन दोन्ही न्या. ट्रेनर फोनला जोडून निदान पंधरा मिनिटं चालवा, थंड असताना न येणारा बेअरिंगचा किंवा पट्ट्याचा आवाज गरम झाल्यावर येतो का ते ऐका, अर्ग मोडमध्ये वॅट बदलल्यावर ताण लगेच बदलतो का ते पाहा, आणि मूळ पॉवर ॲडॉप्टर व ॲक्सलचे सगळे तुकडे सोबत आहेत ना हे पैसे देण्याआधी मोजून घ्या.