पाकळी, पंख आणि तिपाखी बुर्ज

प्रश्न असा आहे: दुबईच्या बुर्ज खलिफावरच्या मराठी लेखांत इमारतीच्या तीन बाजूंना कुणी 'पाकळ्या' म्हणतो, कुणी 'पंख', तर कुणी 'दले'. यातला योग्य शब्द कोणता? आणि 'भौमितिक रचना' लिहावे की 'भूमितीय रचना'?

उत्तराआधी दोन तक्रारी. 'बुर्ज खलिफा टॉवर' लिहिणे आता पुरे. अरबीत बुर्ज म्हणजेच मनोरा. आपला बुरूज तोच. हुक्मचा हुकूम आणि जुल्मचा जुलूम ज्या वाटेने झाला, त्याच वाटेने तोही आला. दुसरी तक्रार 'फुलाच्या आकाराची इमारत' या शब्दांबद्दल. ज्या फुलाचा दाखला दिला जातो ते हायमेनोकॅलिस, म्हणजे स्पायडर लिली. त्याला लांब, अरुंद, पाकळ्यांसारखी परिदले असतात सहा. इमारतीला बाजू तीन. वास्तुरचनाकार एड्रियन स्मिथ यांच्या आराखड्यात फुलाचे चित्र नाही, मध्याभोवती समान कोनांत फाकण्याची रीत आहे. तेव्हा 'फुलावरून सुचलेली' म्हणा, 'फुलाच्या आकाराची' नको.

'दल' लगेच बाद करू. दल् म्हणजे फुटणे, दुभंगणे. डाळ त्याच घरातली, कारण ती दाणा भरडून दोन फाका केलेली असते. इथे तर सगळी मदार तीन बाजू एकमेकींना धरून राहण्यावर आहे. फुटीचा शब्द अशा रचनेला देणे म्हणजे अभियंत्याच्या तोंडावर त्याचे काम नाकारणे.

राहिले पाकळी आणि पंख. यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नाही, कारण दोघे सख्खे आहेत. संस्कृत पक्ष म्हणजे पंख, बाजू. त्यातूनच पंख, पंखा, पाखरू आणि, माझ्या मते, पाकळीही. गुजरातीत पाकळीला पांखडी म्हणतात, हिंदीत पंखुडी. दोन्हींत पंख उघड दिसतो, पुढे लघुत्वाचा प्रत्यय. मराठीत ख चा क झाला म्हणून नाते झाकले गेले, एवढेच. भिक्षेची भीक, बुभुक्षेची भूक, शिक्षेवरून शिकणे, तशी ही पाकळी. काही जण तिला 'पक्ष्म'कडे, म्हणजे पापणीच्या केसाकडे, नेतात. संस्कृतात पक्ष्मला पाकळीचाही अर्थ आहे हे खरे, पण मग शेवटची 'ळी' कुठून आली ते सांगा. शेजारच्या दोन भाषांत डोळ्यांसमोर असलेला पुरावा सोडून पापणीच्या केसाला लोंबकळण्याची हौस मला तरी समजलेली नाही.

आणि पक्ष हा बांधकामातलाही जुनाच शब्द आहे. यज्ञवेदीची मापे सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांतली पक्ष्याच्या आकाराची चिती, म्हणजे विटांची वेदी, पाहा. मधल्या धडाला 'आत्मा' म्हणतात, ते ४ चौरस पुरुष ('पुरुष' हे तेव्हाचे लांबीचे माप). दोन 'पक्ष' प्रत्येकी १ चौरस पुरुष, त्यांची लांबी एकेक अरत्नी, म्हणजे पुरुषाचा पाचवा भाग, वाढवलेली. 'पुच्छ' १ चौरस पुरुष, ते एक प्रादेश, म्हणजे दहावा भाग, वाढवलेले. बेरीज करा: ४ + १.२ + १.२ + १.१ = ७.५. विटांचे थर ५, प्रत्येकात २०० विटा. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, म्हणून एकाआड एक थराची मांडणी बदलायची. सांध्यावर सांधा आला की भेग सरळ खाली उतरते, हे कुठलाही गवंडी सांगेल. निसर्गातला आकार घेऊन त्याची काटेकोर मापे ठरवणे याला आपण 'बायोमिमिक्री' वगैरे नाव देऊन नवलाई मानतो, त्याची मला गंमत वाटते.

पण माझा कौल पंखालाही नाही, तो 'पाखे' या शब्दाला आहे. कौलारू घराच्या छपराची उतरती बाजू म्हणजे पाखे; दोन बाजूंचे ते दुपाखी घर, चारांचे चौपाखी. दुपाखी छपराचे वासे आढ्याशी समोरासमोर भिडतात. बुर्ज खलिफातही तीन पाखी १२० अंशांवर फाकून मधल्या षट्कोनी गाभ्याला भिडतात आणि तिन्ही बाजूंनी त्याला धिरा देतात. वाऱ्याने येणारा पीळ गाभा घेतो. प्रत्येक पाख्यातल्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंती गाभ्यापासून टोकाकडे जातात आणि तिथे जाड होतात. वर जाताना एका वेळी एकच पाखे मागे सरते, मग पुढचे, असा मळसूत्री क्रम. त्यामुळे इमारतीची रुंदी दर टप्प्याला बदलते आणि वाऱ्याच्या भोवऱ्यांना एक ताल सापडत नाही. सरळसोट खांबासारखी इमारत असती तर ते तालात सुटले असते आणि ती हेलकावली असती.

हॉटेल, घरे आणि कार्यालये एकाच इमारतीत बसवायला हीच रचना सोयीची पडते. जाडजूड चौकोनी मजल्यावर मधल्या खोल्यांना उजेड मिळत नाही. अरुंद पाख्यात खिडकी लांब राहत नाही. वरचे मजले आखडत जातात आणि तिथे लहान कार्यालये बसतात. काँक्रीट १५६व्या मजल्यापर्यंत, त्यावर पोलाद.

म्हणून मी लिहीन 'तिपाखी आराखडा'. 'त्रिदलीय मनोरा' वगैरे जे चालले आहे त्याहून ते नेमके आहे, आणि कौलारू घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ललित लेखात पाकळी चालेल. 'विंग' सोसायटीच्या पाटीवर राहू द्या.

हां, ते भौमितिक. भूमितीला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होऊन भौमितिक. 'ईय' लागला की भूमितीय. व्याकरणाने दोन्ही शुद्ध, रूढ मात्र पहिले. एका लेखात दोन्ही नकोत.