पोह्यातले दाणे वेचून काढले तर चालेल का?

प्रश्न: मी ठाण्यात घरीच पाळणाघर चालवते, 14 मुलं आहेत आणि मदतीला दोन मावश्या. गेल्या आठवड्यात अडीच वर्षांचा एक मुलगा आलाय, त्याला शेंगदाण्याची जबरदस्त ॲलर्जी आहे, मागे चिक्कीचा तुकडा खाऊन ॲडमिट करावं लागलं होतं. आई अ‍ॅड्रिनलीनच्या अँप्युल (जीवघेण्या ॲलर्जीवरच्या इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) आणि सिरिंज देऊन गेलीय, ते मी फ्रिजमध्ये ठेवलंय. त्याच्या पोह्यातले दाणे आम्ही वेचून काढतो, तेवढं पुरे ना? आणि खरं सांगू का, इंजेक्शनची भीती वाटते, ॲलर्जीचं सिरप देऊन आईची वाट बघितली तर?

उत्तर: ताई, नाही पुरणार. दाणा काढला तरी त्याचं प्रोटीन पोह्यांना लागलेलंच असतं. आणि आपल्या स्वयंपाकघरात दाणे कुठे नसतात सांगा, कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, उपासाला साबुदाणा खिचडी, आणि कूट केलेल्या मिक्सरच्या भांड्यातच वरवर विसळून चटणी वाटायची सवय! त्यापेक्षा पाळणाघरात शेंगदाणा आणूच नका, सगळ्याच पालकांना तसा मेसेज टाका, म्हणजे तो एकटा पडत नाही. डब्यातली खिचडी खाऊन कुणी हात लावला तर हात साबणानेच धुवायचे, सॅनिटायझरने दाण्याचं प्रोटीन जात नाही. पाकिटावरची ॲलर्जीची ओळ वाचायची आणि बर्थडेचा केक आईला विचारल्याशिवाय द्यायचा नाही.

आता भीतीबद्दल. एवढी लहान मुलं 'घसा आवळतोय' असं सांगत नाहीत. ती जीभ ओढतात, लाळ गाळतात, रडताना आवाज घोगरा येतो, खोकत राहतात, भडाभडा उलटी होते किंवा खेळता खेळता एकदम मलूल होऊन अंगावर पडतात. पित्त उठेलच असंही नाही. दाणा पोटात गेल्याचा संशय आहे आणि यातलं काही दिसतंय, तर आधी इंजेक्शन, मग फोन. सिरपने खाज कमी होईल, पण बंद होणारा श्वास आणि उतरणारं बीपी सिरपने सावरत नाही, आणि वाट बघण्यात जी मिनिटं जातात तीच महाग पडतात. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, गरज पडली तर चड्डीवरून सुद्धा. डोस किलोमागे 0.01 मिलिग्रॅम असतो, म्हणजे 12 किलोच्या मुलाला 1 मिलीत 1 मिलिग्रॅमवाल्या अँप्युलमधलं फक्त 0.12 मिली, पण हा आकडा तुम्ही ऐनवेळी काढायचा नाही, त्याच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी कागदावर लिहून घ्या आणि सिरिंजवर तेवढी खूण करून घ्या.

मग 108, आणि मुलाला आडवं ठेवायचं, पाय थोडे वर. धाप लागली असेल तर बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर, पण उभं करून चालवत खाली रिक्षापर्यंत अजिबात नाही. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, म्हणून अँप्युल दोन हव्यात. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

कागद घेऊन फाईलला लावला की काम झालं असं मात्र नका समजू. न्यूयॉर्कमध्ये 2017 साली एका डे-केअरमध्ये तीन वर्षांच्या मुलाची दुधाची ॲलर्जी फाईलमध्ये नोंदवलेली होती, तरी त्याला चीज सँडविच दिलं गेलं आणि तो वाचला नाही. त्यानंतर 2019 मध्ये तिथे 'एलायजाज लॉ' आला, डे-केअरना ॲलर्जीची तयारी आणि ट्रेनिंग करायला लावणारा. आपल्याकडे एपिपेनसारखं, डोस आधीच भरलेलं इंजेक्शनचं पेन केमिस्टकडे सहज मिळत नाही, अँप्युल फोडून औषध ओढावं लागतं आणि घाबरलेल्या हाताने ते जमत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगून सलाईनच्या अँप्युल आणि टोचायला एक मोसंबं घेऊन सरावाला बसा. दोन्ही मावश्यांनाही बसवा, नेमक्या तुम्ही बँकेत गेलेल्या असताना व्हायचं!

आणि ते औषध आजच फ्रिजमधून काढा, गोठलेलं चालत नाही. अंधाऱ्या, थंडसर कपाटात, कुलूप न लावता पण मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा आणि एक्सपायरीची तारीख कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.