वाचकांचे प्रश्न : दत्तक घ्यायचंय, पण रांग मोठी आहे

प्रश्न : ताई, माझं वय ३४, यांचं ३७. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, उपचार करून झाले, आता बाळ दत्तक घ्यायचं ठरवलंय. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, वेबसाइटवर नोंदणी करायची म्हटलं, तर तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं असं कळलं. त्यातच ओळखीच्या एका नर्सबाई म्हणाल्या, “एका अविवाहित मुलीचं पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे. दाखल्यावर थेट तुमचंच नाव लावू, दवाखान्याचा खर्च तेवढा द्या.” सासूबाईंना वाटतं, यात निदान जात-घराणं तरी कळेल. जाऊबाई त्यांचा धाकटा मुलगा द्यायला तयार आहेत. मग सरकारी रांगेत उभं राहून आमचा फायदा काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : त्या नर्सबाईंना आजच नाही म्हणून कळवा आणि एक रुपयाही देऊ नका. नऊ वर्षं वाट पाहिलेल्या बाईला आणखी थांब म्हणणं किती जड आहे, हे मला माहीत आहे. पण तुमच्यापुढे जे ठेवलंय ते दत्तक नाही, बाळाची विक्री आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातली माणसं त्यात असतील, तर त्यांना तीन ते सात वर्षं. खोट्या जन्मदाखल्याचा गुन्हा वेगळा. शिक्षा बाजूला ठेवली तरी, दोन वर्षांनी प्रकरण उघडकीला आलं तर “आई” म्हणायला लागलेलं मूल तुमच्या कडेवरून उचलून बाल कल्याण समितीपुढे नेतील. त्या दिवशी त्या मुलाचं काय होईल?

ज्या मुलीचं बाळ म्हणतात, तिचाही विचार करा. कायद्याच्या वाटेने आलेली आई समितीपुढे बाळ सोपवल्याची सही करते आणि त्यानंतर साठ दिवस तिला मन बदलण्याची मुभा असते. पुण्यातल्या एका दत्तक संस्थेत मी समाजसेविका म्हणून काम केलं. साठ दिवस संपत आले असताना धाकटा भाऊ नाहीतर मावशी सोबत घेऊन आलेल्या आणि बाळ परत नेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आम्ही त्यांना आनंदाने झबली-टोपडी बांधून दिली. ज्या आल्या नाहीत, त्यांचीच बाळं दत्तकासाठी मुक्त झाली. सापडलेल्या बाळाच्या बाबतीत पोलिसांमार्फत आधी आईवडिलांचा शोध होतो. म्हणजे रांगेतून तुमच्यापर्यंत येणाऱ्या बाळावर दुसऱ्या कुणाचा हक्क उरलेला नसतो, आणि कुणा आईला फसवून ते आणलेलं नसतं. एवढा एकच फायदा असता तरी मी तुम्हाला थांबायला सांगितलं असतं.

रांगेत उभं राहण्याचा फायदा बाळालाही आहे, ते देशातल्या देशात राहतं. २०२४-२५ साली आपल्याकडे ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि त्यांतली ४,१५५ भारतातच राहिली. मला याचं समाधान वाटतं ते बाळांसाठी. बाळाची माहिती तुम्हाला दाखवली की ४८ तासांत ते राखून ठेवायचं, मग संस्थेत जाऊन भेटायचं, वैद्यकीय अहवाल हवा तर आपल्या डॉक्टरांना दाखवायचा. होकार दिला की बाळ काही दिवसांतच दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्या घरी येतं, दत्तकाचा आदेश मागाहून होतो. परदेशी पालकांना मात्र ना-हरकत दाखला, आदेश, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं पार पाडावं लागतं आणि तोवर बाळ बहुधा संस्थेतच वाढतं. बाळं सांभाळणाऱ्या आमच्या संस्थेतल्या मावश्या जीव लावायच्या, तेल लावून न्हाऊ घालायच्या, अंगाई म्हणायच्या. तरी एका मावशीच्या वाट्याला बरीच बाळं. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ माणूस ओळखायला लागतं, तेव्हा त्याला एकच छाती हवी असते.

दुसरी गोष्ट मला फार वर्षांनी दिसली. संस्थेत प्रत्येक मुलाची फाइल असते : कुठे मिळालं, अंगावर काय होतं, वजन किती, नाव कुणी ठेवलं. मोठी झालेली मुलं ती बघायला येतात. परदेशात वाढलेली एक मुलगी आली होती. जिने तिला सांभाळलं त्या मावशी अजून कामावर होत्या. दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये दुभाष्या. मावशी सांगत होत्या, “तुला लापशी आवडायची नाही, भाताची पेज दिली की गप्प,” आणि पेज म्हणजे काय इथपासून समजावून द्यावं लागलं. मुलीचं आयुष्य चांगलं होतं, आईवडील मायेचे होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच सुमारास साताऱ्याकडचा एक कॉलेजातला मुलगा आईवडिलांबरोबर एसटीने आला. मावशींच्या शेजारी जाऊन बसला आणि विचारलं, “मी रडका होतो का?” मग तासभर दोघांचं बोलणं संपेना. संस्था त्याच्या घरापासून काही तासांवर होती. पुढेही तो येत राहिला, एकदा वाढदिवसाला पेढे घेऊन. जन्मदात्रीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण आपण कुठून आलो याचा जेवढा धागा मिळू शकतो, तेवढा त्याच्या हाताशी होता आणि त्याच्या भाषेत होता. नोंदणी करताना राज्याची पसंती देता येते, ती विचारपूर्वक द्या. नर्सबाईंच्या वाटेने आलेल्या मुलाला अशी फाइल कधीच मिळणार नाही. त्याला खोटंच सांगत राहावं लागेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जातीची निवड ‘कारा’च्या नोंदणीत नसते आणि ती नसावी. जोतीराव-सावित्रीबाईंनी यशवंताला घेतलं तो एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तकपुत्र म्हणून भाऊबंदांनी त्याला अडवलं, तर अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं, म्हणजे टिटवं, सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. पुढे हाच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात मायलेक मिळून रोग्यांची सेवा करत होते. सासूबाईंना ही हकीकत वाचून दाखवा. कुणी घराण्याचं नाव काढलं तर हे घराणं पुरेसं मोठं आहे.

जाऊबाईंचा मुलगा घेणं कायदेशीर आहे, त्यासाठी वेगळी, सोपी प्रक्रिया आहे. पण त्या मुलाला विचारलंय का? आईचं घर अंगणापलीकडे दिसत असताना तिला काकू म्हणायचं, हे त्याला झेपेल का? घरात मोकळेपणाने बोलता येणार नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

तुमच्या दोघांच्या वयाची बेरीज ७१ होते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी मर्यादा ८५ आहे, तेव्हा वेळ हातात आहे. नोंदणी आजच करा. नोंदणीनंतर तुमचं घर बघायला, म्हणजे गृहभेटीला, येणाऱ्या ताईंपासून काही लपवू नका, उपचारांचं दुःखही नाही. शुल्क ठरलेलं असतं, त्याच्यावर कुणी देणगी मागितली तर तक्रार करा. आणि “कुणाला कळणारही नाही” हे मनातून काढून टाका. मुलाला ते बोलायला लागायच्या आधीपासून सांगत जा.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, अविवाहित, नाशिक जिल्ह्यात शिक्षिका आहे. मला काही महिन्यांची मुलगी दत्तक मिळेल का?

उत्तर : तान्ही मिळणार नाही. एकट्या पालकाला दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी चाळिशीची मर्यादा आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती ४५ आहे, त्या गटात तुम्ही बसता. कृपा करून ही तडजोड समजू नका. तीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी तुमच्या घरात येतं, आणि पहिल्या आठवड्यातच तुम्हाला सांगतं की त्याला डाळ पातळ हवी. पहिले काही महिने ते उशीखाली पोळी दडवेल, रात्री उठून तुम्ही आहात का पाहील. रागावू नका. घ्यायला जाल तेव्हा मावश्यांना त्याची झोपायची वेळ, आवडतं गाणं, घाबरण्याच्या गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. पांघरूण मिळालं तर तेही मागून आणा, धुऊ नका.

एकट्या पालकाला नातेवाइकाचं हमीपत्र द्यावं लागतं, तुमच्या पश्चात मुलाला सांभाळीन असं. ते सही करून मोकळं होण्याइतकं साधं नाही. तुमची बहीण, भाऊ, जे कुणी असेल त्यांच्याशी आधी नीट बोला. शाळेच्या वेळात मूल कुणाकडे राहील, हेही गृहभेटीत विचारतील, तेव्हा ते आताच ठरवून ठेवा.