वाटाघाटीत वाटही नाही, घाटही नाही

प्रश्न असा आला आहे: 'पुण्याहून परदेशी कंपनीची विमानं सुटावीत म्हणून वाटाघाटी चालू आहे' हे वाक्य बरोबर आहे का? आणि वाटाघाटीऐवजी 'बोलणी' म्हटलं तर काय बिघडतं?

वाक्य चूक आहे. वाटाघाट हे एकवचन, वाटाघाटी हे अनेकवचन. एक तर वाटाघाट चालू आहे म्हणा, नाहीतर वाटाघाटी चालू आहेत म्हणा. 'वाटाघाटी झाली' हे बातम्यांत इतक्यांदा कानावर येतं की संताप होतो.

त्याहून मोठा घोळ व्युत्पत्तीचा. वाट अधिक घाट अशी फोड करणारे जाणकार पुण्यात जागोजागी भेटतात. विमानांच्या बाबतीत तर त्यांना चेवच येतो: वाट म्हणजे मार्ग, घाट म्हणजे उतरायची जागा! पण मग मधला 'आ' कुठून आला? नामं जोडली की दगडधोंडे होतात, मीठभाकर होते. दोन क्रियापदं जोडली की ओढाताण, चढाओढ, उठाठेव. वाटाघाट याच घरातली: वाटणं आणि घाटणं. पाट्यावर वाटण वाटतात, पिठलं गुठळी मोडेपर्यंत घाटतात. हे ज्यांना पटत नाही त्यांनी 'आ'चा हिशेब द्यावा, नुसती वाट दाखवू नये.

हवाई हक्कांच्या, म्हणजे एका देशाच्या विमानांना दुसऱ्या देशात सेवा चालवू देण्याच्या, कामाला हा शब्द किती चपखल बसतो पाहा. १९४४ साली शिकागोला राष्ट्रं जमली. अमेरिकेला फेऱ्यांवर बंधन नको होतं, ब्रिटनला हवं होतं. प्रवासी वाहतुकीच्या हक्कांवर सगळ्यांचं एकमत झालंच नाही, म्हणून देशादेशांत वेगळे करार करणं आलं. १९४६ साली बर्म्युडात हे दोघे पुन्हा बसले. फेऱ्या आधीच ठरवून टाकायचा आग्रह ब्रिटनने सोडला. भाडी विमान कंपन्यांच्या संघटनेत ठरतील आणि सरकारं त्यांना मंजुरी देतील, हे अमेरिकेने मानलं. दोघांचंही म्हणणं मूळ रूपात उरलं नाही. हे वाटणं-घाटणं नाही तर काय! पुढे कित्येक देशांनी याच करारावरून आपले करार बेतले.

आजही तेच चालतं. आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसनं, कोणकोणती शहरं, वाटेतल्या तिसऱ्या देशात प्रवासी चढवता येतील का, एकेक कलम घाटलं जातं. परदेशी कंपनीला पुणे हवं असेल तर नुसतं लोहगावचं विमानतळ असून भागत नाही, दोन देशांच्या करारात पुण्याला जागा असावी लागते.

आणि हे कलम घाटायला बसतात ती सरकारं. आकाश देशाच्या मालकीचं आणि परवानगीशिवाय नियमित सेवा नाही, हे शिकागोतच ठरलं आहे. कंपनी आपल्या सरकारकडे मागणं मांडते, बैठकीला तिची माणसं हजरही असतात, पण सही सरकारची. म्हणून 'कंपनीने भारताशी वाटाघाटी केल्या' हेही लिहू नये.

बोलण्यांचं म्हणाल तर, करार करायचा की नाही इथवर बोलणी; कलमं हातात घेतली की वाटाघाटी.