गॅस स्वच्छ असतो, मग गावाचा विरोध कशाला?

तुमचा प्रश्न असा की, आमच्या किनाऱ्यावर गॅसवर चालणारा वीजप्रकल्प येतोय, कोळशापेक्षा गॅस कितीतरी स्वच्छ, तरी लोक विरोध करतात; हे विकासाच्या आड येणं नाही का?

मी गुहागरकडचा. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहितो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाताना खाडीच्या मुखाशी ज्या चिमण्या दिसतात, तो एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प. नाव दाभोळचं, पण जमीन गेली ती अलीकडच्या तीरावरच्या अंजनवेल, वेलदूर, रानवीची.

गॅसला राख नाही, धूरही कमी, हे खरंच आहे. पण वेलदूरच्या बायकांचा प्रश्न धुराचा नव्हता. दारात सुकट वाळत घालायची आणि खाडीच्या मासळीवर घर चालवायचं, अशी ती माणसं. प्रकल्पाचं गरम पाणी खाडीत आलं तर मासळी राहील का, प्यायच्या पाण्याचं काय, कलमांच्या बागांचं काय, एवढ्याचंच उत्तर त्यांना हवं होतं. 3 जून 1997 च्या पहाटे, बहुतेक पुरुष समुद्रावर गेलेले असताना, पोलीस गावात शिरले. बायकांना घरातून ओढून काढून मारलं, त्यांत एक गरोदर होती. अ‍ॅम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी हे नोंदवून ठेवलंय. हे आठवलं की अजून जीव तुटतो.

आणि पैशाच्या हिशेबातही विरोध करणारेच बरोबर ठरले. 1993 मध्ये जागतिक बँकेनेच, हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून पैसे नाकारले होते. तरी राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांत प्रकल्प आणखी मोठा करून परत आणला. करारात अट अशी, की मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार, म्हणजे दरवर्षीची ठरलेली रक्कम, भरायचाच, तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. इंधन महागलं की तो बोजाही मंडळावर. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो गॅसवर नव्हे, नाफ्ता या खनिज तेलापासून काढलेल्या इंधनावर. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. 2005 मध्ये एनटीपीसी, गेल या सरकारी कंपन्या आल्या, पण पुढे गॅसच पुरेसा मिळेना.

तेव्हा गावातल्यांना नावं ठेवण्याआधी त्यांच्यात जाऊन बसा. आमचा करार झाला तेव्हा जनसुनावणीची सक्ती नव्हती, आता आहे. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. गॅस कुठून येणार आणि किती वर्षं? पाणी किती अंश गरम करून सोडणार? तयार वीज कोणी घेतलीच नाही तर पैसे कोण भरणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि सुनावणीची वेळ मासळी उतरवायच्या वेळेलाच ठेवली असेल, तर आधीच लेखी हरकत द्या.