झोमॅटोची ‘इटर्नल’ झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : ताई, जुलै २०२१ च्या आयपीओत मला ७६ रुपयांनी झोमॅटोचे शेअर लागले होते. आता डीमॅटच्या स्टेटमेंटवर ‘इटर्नल लिमिटेड’ दिसतं, ॲपवर मात्र झोमॅटोच. मुलगा म्हणतो, नुसतं नाव बदललंय, सोडून द्या. पण आमच्याकडे एका पतसंस्थावाल्याने ठेवी बुडवायच्या आधी पाटी बदलली होती. नाव बदलणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असं माझं मत. चूक आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शंका घेतलीत ते बरंच केलंत, फक्त तिचा रोख भलतीकडे आहे. मी निवृत्त होईपर्यंत कंपनी सेक्रेटरी होते. नावबदलाच्या फायली हातून गेल्या आहेत, त्यामुळे सांगते : नोंदणीकृत कंपनीला नाव बदलून पळता येत नाही. आधी संचालक मंडळाचा ठराव, मग भागधारकांचा विशेष ठराव. त्यात विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. झोमॅटोच्या मंडळाने ६ फेब्रुवारी २०२५ ला मान्यता दिली आणि मार्चमध्ये भागधारकांनी. तुम्हालाही ईमेलवर पोस्टल बॅलटची (सभेला न जाता मत देण्याची) नोटीस आली असणार. ती न उघडता तशीच राहिली असेल, तर मुलाला नावं ठेवू नका!

नाव बदललं तरी देणी, करार, कोर्टातल्या केसेस सगळं त्याच कंपनीच्या डोक्यावर राहतं. कंपनीचा २१ अक्षरी-अंकी सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक बघा, त्यात २०१० हे नोंदणीचं साल अजूनही आहे. ही कंपनी नोंदली गेली तीही ‘झोमॅटो’ या नावाने नव्हे. २००८ मध्ये ‘फूडीबे’ नावाची मेन्यूकार्डांची वेबसाइट सुरू झाली, तिचीच कंपनी म्हणून ही पुढे नोंदली गेली. शिवाय कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नाव बदलल्यावर दोन वर्षं पाटीवर, पत्रांवर, बिलांवर जुनं नावही छापावं लागतं. तुमच्या पतसंस्थावाल्याने यातलं काय पाळलं होतं, ते तुम्हालाच ठाऊक.

तरीही लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. २००० च्या आसपास आपल्याकडे कोणीही उठून नावापुढे ‘इन्फोटेक’ लावत होतं आणि भाव चढत होता. म्हणून आता शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीची अट आहे : नवं नाव एखादा नवा धंदा सुचवत असेल, तर आधीच्या वर्षातला निम्मा महसूल किंवा निम्मी मालमत्ता त्या धंद्यात दिसली पाहिजे. अमेरिकेतला किस्सा तर खाण्यापिण्याच्याच धंद्यातला आहे. बाटलीबंद चहा विकणाऱ्या ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ने डिसेंबर २०१७ मध्ये नाव ‘लाँग ब्लॉकचेन’ केलं आणि शेअर एका दिवसात जवळजवळ तिप्पट झाला. चहा तोच. पुढच्याच वर्षी नॅस्डॅक या तिथल्या शेअर बाजाराने कंपनीला यादीतून काढलं.

‘इटर्नल’ हे नाव कोणताच धंदा सुचवत नाही, आणि मला खटकतं ते इथे. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता, की झोमॅटोपलीकडचं काही कंपनीचं भवितव्य ठरवू लागलं की नाव बदलायचं असं ठरलं होतं, आणि झटपट किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटमुळे ती वेळ आली. हे प्रामाणिक आहे. जून २०२५ ला संपलेल्या तिमाहीत ब्लिंकिटच्या ऑर्डरींची निव्वळ रक्कम जेवणाच्या ऑर्डरींच्या पुढे गेलीही. म्हणजे तुम्ही शेअर घेतले हॉटेलातलं जेवण पोचवणाऱ्या कंपनीचे, आणि आज तुमच्याकडे आहे गोदामातून किराणा पोचवणारी कंपनी. हा बदल नावाने घडवलेला नाही, २०२२ मध्ये ब्लिंकिट विकत घेतली तेव्हाच त्याला सुरुवात झाली होती. नाव मागाहून आलं. तिमाही निकालात धंदावार आकड्यांचं पान असतं. जेवण, किराणा, डिस्ट्रिक्ट (तिकिटं आणि बाहेर जेवायला जाण्याचं बुकिंग) आणि हायपरप्युअर (हॉटेलांना कच्चा माल) यांत कोण कमावतंय, कोण खातंय हे तिथे कळतं. नवं नाव डोक्यातून काढा आणि ते पान वाचा.

प्रश्न : आता फी वाढवायला मोकळे झाले, असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात. खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दर ऑर्डरमागची प्लॅटफॉर्म फी ऑगस्ट २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १० रुपयांवर पोचली. या सगळ्या काळात नाव झोमॅटोच होतं, लाल रंगासकट. फी वाढवायला बारशाची गरज नसते.

जाता जाता : स्विगीने उलटी वाट धरली. तिची कंपनी ‘बंडल टेक्नॉलॉजीज’ होती, ती बाजारात येण्याआधी २०२४ मध्ये ‘स्विगी’ झाली. त्यावर सोसायटीत चर्चा झाल्याचं ऐकिवात नाही.

प्रश्न : माझं छोटं हॉटेल आहे, ऑर्डरी झोमॅटोवरून येतात. नव्या नावाने नवा करार करावा लागेल का? कमिशन वाढेल का?
— एक हॉटेलचालक, नाशिक

उत्तर : नवा करार लागत नाही, जुना चालू राहतो. ‘नाव बदललंय, इथे सही करा’ असं म्हणत कोणी कागद पुढे केला, तर आधी दराचं पान वाचा. कमिशन वाढायचं असेल तर ते करारातल्या नोटिशीच्या कलमातून वाढेल, त्यामुळे ते कलम शोधून त्यावर खूण करून ठेवा. आणि आयकर खात्याच्या टीडीएस उताऱ्यात कर कापणाऱ्याचं नाव इटर्नल लिमिटेड दिसलं तर दचकू नका, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि रक्कम जुळते का एवढं तुमच्या अकाउंटंटला बघायला सांगा.