बाळाची झोप आणि मोठीची दहावी

पत्र : आम्ही वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पाच एकर वावर आहे, कापूस आणि तूर. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा आणि बाळ आठ महिन्यांचं. मी बी.ए. झाले आहे. दीड वर्षापासून दोघांना घरीच शिकवते. बाळ झाल्यापासून सगळी घडी विस्कटली. मोठी बाळाला घेते म्हणून तर माझा स्वयंपाक आणि वेचणी उरकते. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं आहे. घरी शिकून दहावी होते का? सासूबाई म्हणतात, पोरीचं वाटोळं करून राहिली तू. – एक आई

ताई,

आधी दहावीचं सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. घरी शिकून दहावी होते आणि ती पुढच्या प्रवेशाला चालते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) ही केंद्र सरकारची संस्था १९८९पासून हेच काम करते. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव नोंदवता येतं. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा हवी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी ५ वर्षं चालते, तेवढ्यात ९ संधी मिळतात, आणि एका वेळी एक-दोनच विषय दिले तरी चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुमच्याकडे वेचणीचा हंगाम असतो, तेव्हा तिच्या परीक्षा एप्रिल-मेमध्येच धरा. इथे गणित न घेताही दहावी होते. तो मोह टाळा. गणित, विज्ञान आणि इंग्रजी तिला लागणारच.

पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची, इंटर्नशिप धरून. त्याआधी बारावी विज्ञान आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे तुमच्या भागापासून फार लांब नाही. मात्र अकरावी-बारावी घरी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. बेडकाचं चित्र काढणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणं यात फरक आहे. त्या दोन वर्षांसाठी प्रयोगशाळा असलेलं कनिष्ठ महाविद्यालय बघा.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते. ‘मोठी बाळाला घेते म्हणून तर’. ते वाचून मी थांबले. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा चौथीनंतर सुटली, कारण मी जन्मले होते. घरात कुणी दुष्ट नव्हतं. आई वावरात जायची, आजीला दिसत नव्हतं, आणि ‘आजच्या दिवस राहू दे’ असं म्हणत म्हणत वर्ष निघून गेलं. बहिणीनं मला कडेवर घेऊन वाढवलं, आणि मी शिकले. ती आजही बँकेतला फॉर्म माझ्याकडून भरून घेते. शाळेत जाणाऱ्या मुलीला निदान घंटा झाली की निघावं लागतं. घरी शिकणाऱ्या मुलीला ती घंटा नसते. म्हणून तिचे तास तुम्हालाच राखावे लागतील.

आठ महिन्यांचं बाळ बहुधा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा झोपतं. बाळ झोपलं की आपण स्वयंपाकाला लागतो, मीही तेच केलं आहे. तुम्ही उलट करून बघा. बाळ जागं असताना त्याला चुलीपासून दूर, नजरेसमोर चटईवर वाटी-चमचा देऊन बसवा आणि भाकरी तेव्हा थापा. झोपलं की मोठीजवळ बसा, गणित घेऊन. दुपारच्या झोपेत धाकट्याचं वाचन. संध्याकाळी दोन तास बाळ सासूबाईंकडे आणि मोठीचं दार बंद. या दोन तासांत तिला पाण्याच्या ग्लासासाठीसुद्धा हाक मारू नका.

बाळ हा तिचा विषय होऊ शकतो, तिचं काम होऊ नये. सेवाग्राम तुमच्याच जिल्ह्यात, १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली, ती हातानं काम करत शिकण्याचीच होती. पण कामाचं शिक्षण तेव्हाच होतं, जेव्हा कुणी थांबून ‘असं का?’ विचारतं. दुपटी धुणं हे दुपटी धुणंच. अंगणवाडीत बाळाचं वजन झालं की माता-बाल संरक्षण कार्डावरचा ठिपका मोठीला मांडू द्या. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो, आणि मागच्या महिन्याच्या ठिपक्यापासून रेघ वर गेली की सपाट झाली, हे तिनं वाचावं. आलेख ती यातून शिकेल, पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा पक्का. पुढच्या महिन्यात बाळाला गोवर-रुबेलाची लस आहे. नर्सताई ती लस थंड डब्यातून का आणतात, हे मोठीला विचारायला लावा. गुरांची लाळ्या-खुरकूताची लससुद्धा थंडच ठेवावी लागते. तिथून तिला तिच्या आवडीच्या विषयात शिरता येईल.

धाकट्याबद्दल थोडं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे, आणि त्यात घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद नाही. त्याचं नाव गावातल्या शाळेत आहे की नाही, मुख्याध्यापकांना भेटून बघा. नसेल, तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश कधीही मिळतो. त्याला शाळेत पाठवलंत तर तुमची हार झाली असं मानू नका. दोघांची गरज वेगळी असू शकते.

मोठीचा जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव नि जन्मतारीख जुळते का, ते नोंदणीच्या आधी पाहून घ्या. ऐनवेळी सगळं तिथंच अडतं.

आणि तिच्या बाबांना सांगा, एखाद्या रिकाम्या दिवशी तिला कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला घेऊन जा, तिथं गवळाऊ जातीच्या गाईंचं सरकारी पैदास केंद्र आहे. आधी चौकशी करून जा. सोबत एक वही द्या. बाळाला त्या दिवशी तुम्ही सांभाळा.